सुलेमानिये मशिदीचें अंतरंग

एखादी भव्य वास्तु पाहावयास गेलें म्हणजे आपली नजर साहजिकच वर जाते. घुमट किती उंच, मिनार किती, संगमरवर कोठून आणला, खर्च किती आला, हे प्रश्न आपण प्रथम विचारतों. पण इमारत उभी राहते ती बहुधा नजरेस न पडणाऱ्या गोष्टींवर. भिंतीच्या पोटांत काय आहे, वरचा रेटा कोणत्या वाटेनें जमिनींत उतरतो, दिव्यांचा धूर कोठें जातो, बोललेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोंचतो, या प्रश्नांचीं उत्तरें वास्तुशिल्पज्ञ मुद्दाम झांकून ठेवतो. जुन्या इमारतींत भुयारें आणि पुरलेले हंडे असतात अशी लोकांची समजूत असते. परंतु इस्तंबूल शहरांतील सुलेमानिये मशिदीचे झांकलेले कोपरे त्याहून मनोरंजक आहेत, कारण त्यांत एका असामान्य माणसाची बुद्धि सांठविलेली आहे. श्रोतेहो, आजच्या भाषणांत आपण त्या कोपऱ्यांतून एक फेरी मारूं.

इस्तंबूल हें रोमप्रमाणें सात टेकड्यांचें शहर. त्यांपैकीं तिसऱ्या टेकडीच्या माथ्यावर, 'सोनेरी शिंग' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या खाडीकडे तोंड करून, ही मशीद उभी आहे. ती बांधविली उस्मानी घराण्यांतील दहावा सुलतान सुलेमान यानें. त्याची कारकीर्द इ. स. १५२० पासून १५६६ पर्यंत झाली. युरोपीय लोक त्याला 'वैभवशाली' म्हणत, तर त्याचे स्वतःचे प्रजाजन त्याला 'कानूनी', म्हणजे कायदा घालून देणारा, म्हणत. जुन्या राजवाड्याच्या बागेची कांहीं जागा घेऊन इ. स. १५५० सालीं या कामाला आरंभ झाला आणि १५५७ सालीं मशीद पुरी झाली. एवढ्या विस्ताराच्या कामाला सात वर्षें म्हणजे फार नव्हेत.

या वास्तूचा शिल्पकार सिनान याची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. अनातोलियांतील कायसेरी शहराजवळच्या एका खेड्यांत, एका ख्रिस्ती कुटुंबांत त्याचा जन्म झाला. त्या काळीं खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मुलें सक्तीनें सुलतानाच्या चाकरीसाठीं नेलीं जात. त्यांना मुसलमान करून लष्करी व दरबारी शिक्षण देण्यांत येई. सिनान हा अशा मुलांपैकीं एक. जानिसारी फौजेबरोबर तो अनेक मोहिमांवर गेला. इ. स. १५३८ च्या मोहिमेंत प्रूत नदीवर त्यानें तेरा दिवसांत पूल उभा केला असें त्याच्या आठवणींत नमूद आहे. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास तो साम्राज्याचा मुख्य शिल्पकार झाला आणि १५८८ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धें शतक, त्या पदावर राहिला. त्याच्या नांवावर तीनशेंहून अधिक बांधकामें मोडतात. त्यांत मशिदींइतकेच पूल, पाण्याचे कालवे, स्नानगृहें आणि पाकशाळाहि आहेत. ज्याचें शिक्षण पूल बांधण्यांत झालें, त्याला वजन कोठून कोठें जातें हें कळावयास पुस्तकाची गरज नसते.

सिनानपुढें एक मोठें आव्हान होतें, व तें त्याच शहरांत, त्याच्या डोळ्यांसमोर उभें होतें. तें म्हणजे आयासोफिया. सम्राट् जस्टिनियन यानें इ. स. ५३२ ते ५३७ या काळांत बांधविलेलें हें प्रचंड प्रार्थनामंदिर हजार वर्षें जगाचें आश्चर्य होऊन राहिलें होतें. त्याचा घुमट सुमारे १०२ फूट रुंद आहे. सुलेमानियेचा घुमट त्याहून लहान, म्हणजे सुमारे ८७ फूट रुंद आहे. जमिनीपासून त्याची उंची सुमारे १७४ फूट, म्हणजे रुंदीच्या नेमकी दुप्पट भरते. केवळ आकड्यांची शर्यत असती तर सिनान हरला असें म्हणावें लागलें असतें. पण त्याची चढाओढ आकाराशीं नव्हती.

मधोमध घुमट आणि त्याच्या पुढेंमागें एकेक अर्धघुमट ही आयासोफियाची मांडणी त्यानें जशीच्या तशी उचलली. फरक केला तो दोन्ही बाजूंना. आयासोफियाच्या बाजूंस खांबांच्या दाट रांगा व त्यांवर दुमजली सज्जे आहेत. त्यामुळें मधला भाग एका लांबट दालनासारखा होतो व बाजूच्या ओवऱ्या अंधारांत वेगळ्या पडतात. ख्रिस्ती उपासनेंत धर्मगुरूंची मिरवणूक दारापासून वेदीकडे जात असे. तिला ही रचना शोभते. नमाजाची गोष्ट वेगळी आहे. तेथें माणसें मक्केच्या दिशेला तोंड करून आडव्या रांगांनीं उभीं राहतात. म्हणून दालनाची लांबी नव्हे तर रुंदी महत्त्वाची, आणि मध्यें आडोसा जितका कमी तितका बरा. सिनाननें दोन्ही बाजूंच्या मोठ्या कमानींखालीं दोन दोनच स्तंभ ठेवले व त्यांमधून बाजूचा भाग मोकळा सोडला. बाजूच्या भागांवर लहानमोठे असे आलटून पालटून पांच पांच घुमट घातले. परिणाम असा झाला कीं, जवळजवळ चौरस असें तें सबंध दालन एकाच दृष्टिक्षेपांत येतें. कोपऱ्यांत उभा राहणारा आणि मध्यावर उभा राहणारा, दोघेहि एकाच छताखालीं आहेत ही जाणीव तेथें होते.

आतां पहिल्या झांकलेल्या कोपऱ्याकडे वळूं. घुमट हा नुसता खालीं दाबत नाहीं. तो बाहेरहि रेटतो. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे केले तर त्यांचे पाय बाहेर सरकूं पाहतात, तसाच हा प्रकार. हा रेटा अडविला नाहीं तर भिंती फांकतात व घुमट कोसळतो. आयासोफियाचा पहिला घुमट इ. स. ५५८ मध्यें असाच पडला होता, व पुढें शतकानुशतकें तिच्या बाहेरच्या अंगास टेकूंचे डोंगर रचावे लागले. ते आजहि दिसतात. आंतून स्वर्गासारखी वाटणारी ती इमारत बाहेरून जड व ओबडधोबड वाटते याचें हें एक कारण आहे.

सुलेमानियेंत पुढचामागचा रेटा अर्धघुमट झेलतात. बाजूंचा रेटा झेलण्यास मात्र टेकूच्या जाड भिंती हव्याच होत्या. सिनाननें त्या घातल्या, पण दिसूं दिल्या नाहींत. प्रत्येक टेकू त्यानें बाजूच्या भिंतीवर असा बसविला कीं, त्याचा अर्धा भाग दालनाच्या आंत आणि अर्धा बाहेर यावा. आंतल्या बाजूस त्या टेकूंच्या मधल्या जागेंत सज्जे बसविले. बाहेरच्या बाजूस तशाच जागेंत स्तंभांच्या दुमजली पडव्या काढल्या, व त्यांच्याखालीं नमाजापूर्वीं हातपाय धुण्यासाठीं पाण्याच्या तोट्यांची रांग बसविली. आज यात्रेकरू त्या सावलींत बसून पाय धुतो, तेव्हां घुमटाचा रेटा अडवून धरणाऱ्या भिंती आपल्या दोन्ही अंगांस उभ्या आहेत हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें. अडचणीची वस्तु लपवावयाची व लपवितांना तिचा उपयोगहि करून घ्यावयाचा, यांत या शिल्पकाराची खरी ओळख पटते. घुमटाच्या चार मुख्य खांबांवर छपराच्या वर जे छोटे बुरूज दिसतात, तेहि केवळ शोभेचे नव्हेत. त्यांचें वजन खांबांवर पडून रेटा अधिक सरळ खालीं वळतो.

बाजूच्या कमानींखालच्या ज्या चार अखंड स्तंभांचा उल्लेख वर आला, त्यांचा प्रवास मोठा आहे. परंपरेनें त्यांपैकीं एक मिसर देशांतील अलेक्झांड्रियाहून, एक सीरियांतील बालबेकहून आणि उरलेले दोन इस्तंबुलांतच मिळाले असें सांगतात. म्हणजे ज्या पाषाणांनीं पूर्वीं रोमन व बायझंटाइन वास्तु तोलल्या, त्यांनाच येथें नवी चाकरी मिळाली. मशिदीपुढील चौकाभोंवतीं चोवीस स्तंभांवर अठ्ठावीस लहान घुमटांची ओवरी आहे. चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार आहेत. मशिदीला लागून असलेले दोन अधिक उंच, म्हणजे टोकापर्यंत सुमारे २५० फूट असून त्यांना तीन तीन सज्जे आहेत. पुढचे दोन ठेंगणे असून त्यांना दोन दोन. एकूण सज्जे दहा. इस्तंबूल जिंकल्यानंतरचा चौथा आणि घराण्यांतील दहावा सुलतान, म्हणून चार मिनार व दहा सज्जे, असा अर्थ लोक लावतात. तो अर्थ खरा धरा अगर धरूं नका; पण ठेंगण्या मिनारांवरून उंच मिनारांकडे आणि तेथून घुमटाकडे नजर पायरीपायरीनें चढते हें मात्र प्रत्यक्ष दिसतें.

दुसरा झांकलेला कोपरा आहे तो घुमटाच्या पोटांत. घुमटाच्या चुनेगच्चींत मातीचीं मडकीं बसविलेलीं असून त्यांचीं तोंडें आंतल्या बाजूस उघडीं आहेत. खालून पाहणाऱ्यास त्यांचा पत्ताहि लागत नाहीं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली तर ठराविक एकच सूर निघतो हा अनुभव आपल्या सर्वांना आहे. पोकळ भांड्याला स्वतःचा एक सूर असतो, आणि तोच सूर बाहेर उमटला तर भांडें त्याला जाब देतें व त्याची शक्ति आपल्यांत घेतें. एकोणिसाव्या शतकांत हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें याची उपपत्ति मांडली. परंतु अनुभवानें ही गोष्ट फार पूर्वींपासून ठाऊक होती. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन लेखक व्हिट्रुव्हियस यानें नाट्यगृहांत अशीं भांडीं ठेवण्याविषयीं लिहिलें आहे. गोल छताखालीं आवाज एके ठिकाणीं गोळा होऊन घुमत राहतो. घुमणारा नाद थोडा आवरावा व कुराणपठणाचा शब्द स्वच्छ राहावा हा या मडक्यांचा हेतु. विजापूरचा गोलघुमट ज्यांनीं पाहिला आहे त्यांना यांतील मर्म चटकन् कळेल. इ. स. १६५६ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या कबरस्थानांत एक टाळी कित्येक वेळां ऐकूं येते आणि आपल्याला मौज वाटते. पण जेथें हजारों माणसांनीं एका इमामाचा शब्द ऐकावयाचा आहे, तेथें तीच मौज दोष ठरते.

याच संबंधांत एक गोष्ट फार लोकप्रिय आहे. सिनान काम सोडून मशिदींत हुक्का ओढीत बसला आहे अशी चहाडी कोणी सुलतानाकडे केली. सुलतान संतापून आला, तों सिनान घुमटाच्या मधोमध बसून हुक्क्याच्या पाण्याचा गुडगुड आवाज कोपऱ्यांपर्यंत कसा पोंचतो याची परीक्षा करीत होता! गोष्ट रसाळ आहे, पण काळाचा हिशेब तिच्या विरुद्ध जातो. तंबाखूचा प्रसार तुर्कस्तानांत झाला सतराव्या शतकाच्या प्रारंभीं. आपल्याकडेहि असदबेगानें विजापुराहून अकबराच्या दरबारीं तंबाखू नेली ती त्याच सुमारास. तोंवर मशीद पुरी होऊन चाळीसहून अधिक वर्षें लोटलीं होतीं, आणि सिनानहि निवर्तला होता. तंबाखूच नाहीं, तर हुक्का कोठला? मात्र आवाजाची काळजी त्यानें घेतली होती, एवढें या कथेचें बीज खरें आहे, व मडकीं त्याची साक्ष देतात.

तिसरा कोपरा मुख्य दरवाजाच्या वर आहे. विजेच्या दिव्यांपूर्वीं या दालनांत तेलाचे शेंकडों दिवे जळत. घुमटापासून लांब सांखळ्यांनीं टांगलेलीं त्यांचीं कडीं आजहि माणसाच्या डोक्याच्या थोडेंच वर लोंबतात. इतक्या दिव्यांची काजळी भिंतींवर बसली असती तर सर्व रंगकाम कांहीं वर्षांतच काळवंडून गेलें असतें. परंपरा अशी सांगते कीं, सिनाननें दारें व झरोके अशा हिशेबानें ठेवले कीं, आंतील हवेचा प्रवाह धूर ओढून दरवाजावरील कोठडींत नेई, तेथें काजळी जमे, आणि तिची शाई करून लेखक ग्रंथ लिहीत. आपल्या आजीपणजींनीं दिव्यावर वाटी धरून काजळ पाडलें, आणि आपल्या जुन्या पोथ्याहि काजळी व डिंक यांच्या शाईनें लिहिल्या गेल्या. तेव्हां यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. नवल आहे तें या कल्पनेच्या काटकसरीचें: प्रार्थनेचा दिवा विझल्यावर त्याची काजळी अक्षर होऊन उरावी! दिव्यांच्या कड्यांत शहामृगाचीं अंडींहि टांगलेलीं असत; त्यांच्या वासानें कोळी जाळीं विणीत नाहींत असा तेथील समज आहे.

अंतर्भागाची सजावट संयमाची आहे. मेहराबाच्या भिंतीवर इझनिक गांवच्या प्रसिद्ध चिनी मातीच्या फरशा बसविल्या आहेत. त्यांवर निळ्याबरोबर जो किंचित् उठावाचा तांबडा रंग दिसतो, तो त्या कारागिरांना तेव्हां नुकताच साधला होता. रंगीत कांचांच्या खिडक्या इब्राहिम नांवाच्या कारागिराच्या. त्याला लोक 'दारुडा इब्राहिम' म्हणत, आणि तेंच नांव इतिहासांत राहिलें. अक्षरलेखन अहमद करहिसारी व त्याचा शिष्य हसन चेलेबी यांच्या परंपरेचें. मुख्य दरवाजावरील लेखाचा मजकूर तत्कालीन मुख्य मुफ्ती अबुस्सूद यानें रचला.

आतां ज्या कोपऱ्याकडे सर्वांत कमी लोक जातात तिकडे जाऊं. तो दगडांत नाहीं, कागदांत आहे. या बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या सुदैवानें टिकल्या. तुर्की इतिहासकार उमर लुत्फी बार्कान यानें त्यांचा अभ्यास करून १९७२ व १९७९ सालीं दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांवरून दिसतें कीं, नोंद झालेल्या सुमारे साडेतीन हजार कारागिरांपैकीं जवळजवळ निम्मे मुसलमान व निम्मे ख्रिस्ती होते. कामाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग रोजमुऱ्यावरील स्वतंत्र कामकऱ्यांनीं केला. सुमारे चार दशांश जानिसारी फौजेच्या उमेदवार पोरांनीं केला, आणि एक लहानसा भाग आरमारी गलबतांवरील गुलामांनीं. ज्या घुमटाखालीं आपण थक्क होऊन उभे राहतों, तो मजुरी घेणाऱ्या हातांनीं जसा उभारला तसाच सक्तीनें राबणाऱ्या हातांनींहि उभारला. सुलतानाचें नांव दारावर आहे; यांचीं नांवें वह्यांत आहेत. वास्तूचें कौतुक करतांना त्या वह्याहि उघड्या ठेवणें हेंच प्रामाणिकपणाचें होय.

दंतकथा मात्र राजेलोकांच्याच पुष्कळ आहेत. प्रसिद्ध प्रवासी एव्लिया चेलेबी सांगतो कीं, काम रेंगाळलेलें पाहून इराणच्या शहानें 'पैसा संपला असेल' असें सुचवून जवाहिरांची पेटी धाडली. सुलेमाननें तीं रत्नें सिनानच्या हवालीं केलीं आणि एका मिनाराच्या दगडांत घालावयास सांगितलीं. सिनानच्या स्वतःच्या आठवणी त्याच्या मित्रानें, साई मुस्तफा चेलेबी या कवीनें, लिहून ठेवल्या आहेत. त्यांत अधिक मानवी प्रसंग आहे. घुमट टिकणार नाहीं अशी कुजबुज दरबारांत चालूं होती. सुलतानानें येऊन विचारलें, काम पुरें केव्हां होणार? सिनाननें दोन महिन्यांचा वायदा केला आणि तो पाळला. मशीद उघडावयाच्या दिवशीं सुलतानानें किल्ली स्वतःजवळ न ठेवतां सिनानच्याच हातीं दिली, असें त्या आठवणी सांगतात.

मशीद ही या संस्थानाचा केवळ मध्यबिंदु होती. तिच्या भोंवतीं चार मदरसे, हदीसचें विद्यालय, वैद्यकीचें विद्यालय, मुलांची शाळा, रुग्णालय, धर्मशाळा, स्नानगृह आणि गोरगरिबांना व विद्यार्थ्यांना अन्न देणारी पाकशाळा असें एक लहानसें नगरच वसविलें होतें. दोन मदरसे टेकडीच्या तीव्र उतारावर आहेत. तेथें विद्यार्थ्यांच्या खोल्या पायऱ्यांसारख्या खालीं खालीं उतरत जातात, त्यामुळें प्रत्येक खोलीला उजेड मिळतो. हाहि एक न पाहिला जाणारा, पण पाहण्याजोगा कोपरा आहे. मदरशांपुढच्या रस्त्याला 'तल्लफखोरांचा बाजार' असें नांव आहे, कारण तेथील कॉफीच्या दुकानांत पूर्वीं अफूबाज लोक जमत. आज त्याच ओळींत उसळीसारख्या शिजविलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांसाठीं प्रसिद्ध असलेलीं खाणावळवजा दुकानें आहेत. दोन मदरशांत १९१८ पासून सुलेमानिये ग्रंथालय आहे, व इस्लामी हस्तलिखितांच्या जगांतील मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते.

मशिदीच्या मागील बागेंत सुलेमान व त्याची प्रिय पत्नी हुर्रेम यांच्या कबरी आहेत. हुर्रेम १५५८ सालीं वारली. सुलतान १५६६ सालीं हंगेरींतील सिगेतवार किल्ल्याच्या वेढ्यांत मरण पावला. त्याची कबर अष्टकोनी असून तिच्याभोंवतीं स्तंभांची पडवी आहे. प्रवासी तेथपर्यंत जातात व परत फिरतात. पण आवाराच्या भिंतीबाहेर, रस्त्यांच्या तिकाटण्यावर, एका चिंचोळ्या त्रिकोणी तुकड्यांत आणखी एक कबर आहे. तिच्या टोंकाला वाटसरूंसाठीं पाणपोई आहे. ती सिनानची. शिलालेख साई मुस्तफाचा. त्यांत सुलेमानियेबरोबर बुयुकचेकमेजे येथील पुलाचाहि उल्लेख आहे. साम्राज्याचे घुमट उभारणाऱ्यानें आपल्यासाठीं निवडला तो रस्त्याचा कोपरा आणि तहानलेल्याला पाणी!

या वास्तूनें पुष्कळ सोसलें. १६६० च्या आगींत ती पोळली. १७६६ च्या भूकंपांत घुमटाचा कांहीं भाग पडला. पहिल्या महायुद्धांत तिच्या चौकांत ठेवलेल्या दारूगोळ्यानें पेट घेतला. अलीकडे २००७ ते २०१० या काळांत तिचा मोठा जीर्णोद्धार झाला. पण धोका नेहमीं आग व भूकंप या रूपानेंच येतो असें नाहीं. २०१४ सालीं खाडीवर रेल्वेचा नवा पूल उघडला. त्याच्या उंच खांबांमुळें पाण्यावरून दिसणारें सुलेमानियेचें दृश्य बिघडतें म्हणून जागतिक वारसा समितीनें हरकत घेतली, व खांबांची उंची कमी करावी लागली. तरीहि ते दृश्याच्या आड येतातच. शहराला वाहनें हवीं हें कोण नाकारील? प्रश्न इतकाच कीं, ज्या शहरांत सिनाननें टेकूसुद्धां दृष्टीआड ठेवून त्याची पडवी केली, त्या शहरांत आजचा शिल्पकार आपला खांब कोठें ठेवतो.

सिनान पुढें सांगे कीं, शहजादे मशीद हें आपलें उमेदवारीचें काम, सुलेमानिये हें तयार कारागिराचें आणि एदिर्ने येथील सेलिमिये हें उस्तादाचें. सेलिमिये त्यानें ऐंशीच्या घरांत पुरी केली. सत्तरीकडे झुकलेल्या वयांत सुलेमानियेसारखी वास्तु उभारून तो स्वतःला अजून उस्ताद म्हणवीत नव्हता, ही गोष्ट त्या घुमटाच्या उंचीपेक्षांहि अधिक काळ ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.